चव्वेचाळीस मिनिटं

९ जून
सतरा नंबरच्या मार्गावर पाच फेऱ्या मारल्या. हातात घड्याळ, मांडीवर वही. या टोकापासून त्या टोकापर्यंत बावन्न मिनिटं. शाळा सुटायच्या वेळी छप्पन्न. बाजाराच्या चौकात बस एकाच सिग्नलला तीनदा अडकली. मागच्या सीटवरची बाई वहीत डोकावून म्हणाली, "लिहून काय होणार बाई? गाड्या पाठवा." तेही लिहून घेतलं.

११ जून
वेळापत्रक विभागात साहेबांना आकडे दिले. दर आठ मिनिटांनी बस सोडायची तर चौदा गाड्या लागतील. आहेत अकरा. साहेबांनी कागद आपल्याकडे फिरवून घेतला आणि पेन्सिलीने बावन्नचे चव्वेचाळीस केले. "आणि टोकाला चार-चार मिनिटं थांबायचं कशाला? तेही काढा. बघा, अकरात बसतं की नाही."
बसतं. कागदावर हत्तीसुद्धा बसतो.
मी म्हटलं, रस्ता ऐकणार नाही. ते म्हणाले, "रस्त्याला कोण विचारतंय? वरून जाहीर करून झालंय."

१२ जून
चव्वेचाळीस टाइप केले. खाली सही केली. डिसेंबरात उपप्रमुखाची जागा रिकामी होतेय — निदान इथे तरी खरं लिहावं.

३ जुलै
नवं वेळापत्रक सुरू झालं. प्रत्येक थांब्यावर भलामोठा फलक: दर आठ मिनिटांनी! उद्घाटनाचा फोटो पेपरात आलाय. साहेब पुढे, छाती काढून. तिसऱ्या रांगेत माझा एक कान दिसतो.
घरी आले तर ह्यांचा चेहरा फुललेला. ज्येष्ठतेप्रमाणे ड्रायव्हरांना मार्ग वाटले, ह्यांना सतरा नंबर मिळाला. उद्यापासून. "नव्या वेळापत्रकाला जुनी माणसंच लागतात," म्हणाले.
घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

२१ जुलै
लेकीच्या लक्षात आलं. बाबा पाण्याची बाटली भरलेली नेतात आणि भरलेलीच परत आणतात. तिने विचारलंच.
"प्यायलं की जावं लागतं. जायला वेळ कुठंय? टोकाला गाडी लावली न लावली तोच शिट्टी वाजते, निघा म्हणून." मग, "कुणीतरी खुर्चीत बसून पट्टीने रेघ ओढलीय. त्याला एकदा माझ्या सीटवर बसवायला पाहिजे."
त्याला, म्हणाले. मी खाली मान घालून वाढत राहिले.

८ ऑगस्ट
अहवाल आला. सतरा नंबर नव्वद टक्के वेळेवर. असणारच. निम्मे थांबे गाळतायत.

१४ सप्टेंबर
ह्यांना परवापासून ताप. लघवीला जळजळ. मीच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? बस चालवतो. "मग पाणी पीत जा भरपूर." हे हसले. मी औषधाच्या चिठ्ठीत तोंड खुपसून बसले.
तीन दिवस घरी. तीन दिवस मी स्वयंपाकघरातून बाहेर यायला टाळाटाळ करतेय.

६ ऑक्टोबर
गुरुजींच्या गाडीला अपघात. गुरुजी म्हणजे ह्यांच्याच डेपोतले ड्रायव्हर. सगळे नियम तोंडपाठ, म्हणून ते नाव पडलं. बावीस वर्षांत एक तक्रार नाही. सतरा नंबरवर सात मिनिटं मागे पडले होते. दवाखान्याच्या थांब्यावर एक आजी उतरत होत्या, एक पाय अजून पायरीवरच होता, आणि गाडी निघाली. आजींचं मांडीचं हाड मोडलं.
गुरुजी निलंबित. ऑफिसात साहेब म्हणाले, "निष्काळजीपणा. दुसरं काय."
माझ्या टेबलावर तेच वेळापत्रक, काचेखाली.

९ ऑक्टोबर
चौकशी बसली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. माझ्यासाठी चहा मागवला — अकरा वर्षांत पहिल्यांदा.
"तुमची ती जूनची मोजणीची वही. ती काही कुणी मागितलेली नाही. असू दे घरी. आणि हो, डिसेंबरचं मी वर बोलून ठेवलंय."
चहा संपवला. चांगला होता. लाज वाटली ती घरी आल्यावर, तिथे नाही.

१० ऑक्टोबर
हे गुरुजींना भेटून आले. गॅलरीत दोरीवरचे कपडे काढले. मग म्हणाले, "स्वतःचं काहीच बोलला नाही. नुसता विचारत होता, त्या बाई पुन्हा चालतील ना?"

१३ ऑक्टोबर
वही चौकशी अधिकाऱ्याच्या हातात दिली. त्याने सावकाश पानं उलटली.
"मोजणीत बावन्न. मग चव्वेचाळीस कुणी केले?"
"साहेबांनी सांगितलं. केले मी."
"लेखी सांगितलं?"
"पेन्सिलीने."
"म्हणजे तुम्हीही यात आलात."
"आले."
बाहेर आले, जिन्याचा कठडा धरून उतरले. शूर वगैरे काही वाटलं नाही. चार महिने उशिरा कसलं आलंय शौर्य?

२ नोव्हेंबर
निकाल लागला. गुरुजींना कामावर घेतलं, पण गाडी नाही — डेपोत टायरमध्ये हवा भरायची. साहेबांना समज. मला हरवलेल्या सामानाच्या खोलीत पाठवलंय. खिडकी नाही. छत्र्या मात्र गावभरच्या.
आणि चव्वेचाळीसचे केले सत्तेचाळीस. आजी अजून अंथरुणात आहेत, गुरुजींच्या हातून स्टिअरिंग गेलं, आणि मिळाली किती? तीन मिनिटं! थांब्यावरचे फलक तसेच. दर आठ मिनिटांनी.
घरी सांगितलं, बदली झाली. एवढंच. कुणी काही विचारलं नाही.

४ नोव्हेंबर
सकाळी ह्यांना सगळं सांगून टाकलं. ड्यूटीवर निघाले होते, बूट घालत होते. मान वर केली नाही.
"माहीत होतं. पहिल्याच दिवसापासून. डेपोच्या भिंतीवर कागद लावलाय, खाली तुझी सही." दुसरा बूट घातला, नाडी बांधली. "सगळे विचारत होते, ही वहिनींची सही का म्हणून. मी म्हटलं, छे. दुसरी कुणी असेल."