बाबाचं वावर आन पंख्याची घरघर

१३ जाने. ६३, रवि.
इंजिनवरचा पंखा खळ्यात लावून आठ दिवस झाले. वारा नसला तरी ज्वारी उफणून होते. सारं पिंपळगाव पाहून गेलं. खूश नाईत ते एकटे बाबा. डोळे गेल्यापासून त्यायचं वावर कानात. तितर कुठं बोलला, बैल कोणत्या धुऱ्यावर, सून इहिरीवर आली का, सारं खाटेवर बसून सांगत. आज म्हणाले, "या घरघरीत वावर दिसत नाई बे मले आता."
येत्या शनिवारी सोनाळ्याहून भाऊजी त्यायले न्यायले येऊन राह्यले. बाबा आक्काकडं राहाणार म्हणे. कायमचे. गाठोडं बांधलं बी.

१४, सोम. संक्रांत.
आवाज दबावा म्हणून इंजिनाच्या धुराच्या नळीवर मडकं उपडं घातलं. फुटन म्हणून सुमननं आधीच सांगतलं होतं. पाच मिनिटांत खापरं. तिळगूळ हातावर ठेवताना हसू दाबून म्हणे, गोड बोला. बायको हाये का वैरीण!

१६, बुध.
खड्डा खोदून नळी त्यात सोडली. वर गोटे, टिन, माती. अर्धा खड्डा वैरिणीनंच खोदला. इंजिनाचा आवाज जमिनीच्या पोटात गेला, लय बरं वाटलं.
पण पंखा? घरघर तशीच, वरून खडखड. पाती घासली, तेल दिलं, पट्टा सैल केला. काई फरक नाई. बाबा गेले तं खळं काऊन करायचं, कोणासाठी...

१८, शुक्र.
हट्टानं बाबाले खळ्यात नेलं. तुमीच सांगा म्हटलं, काय दुखते याचं. बराच वेळ कान देऊन बसले. मंग म्हणे, बंद कर, एक पातं लंगडते.
पंखा थांबला. बाबानं एकेक पातं चाचपलं. तिसऱ्यावर हात थांबला. काळ्या दोऱ्यात बिब्बा आन बैलाची जुनी नाल, पंखा आणला तवाच्या दसऱ्याच्या पुजेतली. रोज पाहातो, पण पुजेचं म्हणून हात लावला नाई कधी.
बाबा हळूच म्हणाले, "म्याच बांधलं होतं. तुह्या हातापायाले काई होऊ नये म्हणून."
दोरा त्यायनंच सोडला. फेकू देईनात. शेवटी पंख्याच्या खांबाले बांधला, जो फिरत नाई.

१९, शनि.
सकाळी पंखा लावला. नुसता सुपानं पाखडल्यावानी आवाज. सुमन दोनदा येऊन पाहून गेली, चालू हाये का म्हणून.
भाऊजी दुपारच्या मोटरनं आले. जेवण, चहा झाला. गाठोडं खाटेखाली, गाठ तशीच. बाबाले विचारायची हिंमत नाई झाली. सवयीनं, बोलणं ऐकू यावं म्हणून इंजिन बंद करायले उठलो, तं बाबा म्हणाले, "राहू दे चालू. सुमन इहिरीवर हाये. घागर बुडली आत्ता."
भाऊजी चपला घालून उभे. परतीच्या मोटरची वेळ झाली. बाबा अजून खाटेवरच बसून हायेत.