चौघींची बराक

१४ मार्च १९८३

रुख्माबाई आणि शकुबाईचं बोलणं बंद होऊन आज नववा दिवस. कारण काय, तर शकुबाई चहाचा फुर्रकन आवाज करते. नऊ वर्षं करते आहे. आता सहन होत नाही म्हणे. निरोप सगळे माझ्यामार्फत. दोघींच्या खाटांत दोन हातांचं अंतर!

मलाही तो आवाज सहन होत नाही. इथे लिहिते, बोलणार नाही.

१९ मार्च

नव्या गोळ्या आल्यापासून वसाहतीतल्या बराकी रिकाम्या होत चालल्या. महारोग बरा होतो म्हणतात आता. आमची बराक शेवटची, संत्र्यांच्या बागेपलीकडे. जेवण आणणारा माणूस डबा ओट्यावर ठेवून निघून जातो. कंपाउंडर गुरुवारी येतो. बाकी दिवस एकमेकींची तोंडं. रुख्माबाईला अकरा वर्षं झाली, शकुबाईला नऊ, मला सात, जयवंताला सहा. सांगायची गोष्ट कुणाकडेच उरली नाही. शकुबाईनं ‘आमच्या गावात’ म्हटलं की पुढचं वाक्य मी मनात म्हणून टाकते.

डिसेंबरात आनंदाबाई घरी गेली. तेव्हा पाच होतो. ती गेल्यावर शकुबाईनं अन्न सोडलं, पायाची जखम धुणं सोडलं. जखमेत किडे पडले. रुख्माबाई महिनाभर भिंतीकडे तोंड करून. आणि मी, चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेली मास्तरीण, दिवसभर छपराचे पत्रे मोजत पडून राहायची.

आणखी एक गेली तर काय होईल, याचा विचार करत नाही.

२४ मार्च

जयवंताला पत्र आलं. दोन वर्षांनी. नवऱ्याचं, आंजीहून. डॉक्टरांनी तिला जायला कधीच मोकळं केलंय, उरलेल्या गोळ्या घरी घेतल्या तरी चालतात; नेणारं कुणी नाही म्हणून ती इथे. वाचता मला एकटीलाच येतं. तिघी माझ्या खाटेवर येऊन बसल्या.

पत्रात होतं – तू बरी झाली असं कळलं. आखाजीच्या सणाआधी न्यायला येतो. येणार की नाही, दोन ओळी धाड.

मी वाचलं – घरी अजून कोणी तयार नाही. आईची तब्येत बरी नसते. आणखी एक साल तिथंच राह्य.

अडखळलेसुद्धा नाही! शकुबाईच्या पायाकडे नजर गेली आणि तोंडातून ते निघत गेलं.

जयवंता म्हणाली, “आनखी एकदा वाचा, बाई.”

पुन्हा वाचलं. शब्दन् शब्द तोच.

२६ मार्च

जयवंतानं उत्तर सांगितलं, मी लिहून घेतलं. कंपाउंडरकडे देणार नाही. दोन्ही कागद चहाच्या चुलीत घातले.

२ एप्रिल

रुख्माबाई-शकुबाई बोलू लागल्या! जयवंता रडते म्हणून. एक तिच्या केसांना तेल लावते, दुसरी आपल्या वाटचा गूळ तिला देते. काल शकुबाईनं अश्विनातली भुलाबाईची गाणी म्हटली, भर उन्हाळ्यात. जयवंताही हसली. सात वर्षांत इतके चांगले दिवस आले नव्हते.

हे मी केलं.

१७ एप्रिल

मोरीत गोळ्या सापडल्या. जयवंता थुंकून टाकते. किती दिवस, कोण जाणे. विचारलं तर म्हणाली, “कोनासाठी खाऊ?”

१८ एप्रिल

सांगून टाकायचं ठरवलं. आधी रुख्माबाईला सांगितलं, नळावर. ती लुगडं पिळत होती, पिळतच राहिली.

“मले मालूम हाये,” म्हणाली. “दुसऱ्यांदा वाचताना तुही नजर कागदावर कुठं होती?”

मग म्हणाली की गोळ्या ती स्वतः चारेल, समोर बसून. “पन सांगू नको. ती गेली त शकू मरन.”

सांगितलं नाही. रुख्माबाईनं अडवलं म्हणून नाही. अडवावं म्हणूनच तिच्याकडे गेले होते.

९ मे

जयवंताचा नवरा आला. रूपराव. ओट्याच्या खाली उभा राहिला, टोपी हातात. “पत्राचा जबाब नाई आला, मनलं मीच जातो.”

जयवंताला समजायला वेळ लागला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, जयवंता, मी... रुख्माबाई भिंतीकडे वळली. शकुबाई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत विचारत होती, काय झालं, काऊन कोनी बोलत नाई.

जयवंतानं दोन लुगडी बांधली. शिवी दिली असती तरी चाललं असतं. रुख्माबाईच्या पाया पडली, शकुबाईला पोटाशी धरलं. माझ्या खाटेजवळून तशीच पुढे गेली.

१५ मे

आखाजी. पुरणपोळी आली. कुणी डबा उघडला नाही.

१९ मे

शकुबाई जखम धूत नाही. मी धुते. तिला आता सगळं कळलंय. पाय काढून घेते.

२३ मे

दुपारी जयवंता परत आली. एकटी, आंजीहून पायी. तळव्यांना फोड आलेले, तिला पत्ताच नाही. सासूनं गोठ्यात ठेवलं होतं. विहिरीकडे जाऊ दिलं नाही, पोटच्या पोराला जवळ येऊ दिलं नाही. रूपराव मान खाली घालून बसायचा.

माझ्या खाटेवर टेकली. म्हणाली, “तुमी वाचलं तेच खरं होतं, बाई.”

शकुबाईनं चार ताटं मांडली. आम्हाला आनंद झाला. मलाही झाला.