कोकिळेची घसरण

कोकिळे, आणि तिच्या शेजारीच असशील म्हणून घाईबाई, तुलाही,

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते ठाऊक नाही, तरी लिहिते, कारण पोटात मावत नाहीये.

कॅन्सरनं आधी तुमच्यातल्या एकीला नेलं, वर्षभरात दुसरीला. आणि शिलाई कारखान्यातला आपला गाण्याचा गट एकदम सुरात आला! वरच्या पट्टीत घसरणारी कोकिळा नाही, सगळ्यांच्या आधी तोंड उघडणारी घाईबाई नाही. गाणं बसवणारे मास्तर खूश. तुमच्या मधोमध उभं राहून माझे कान किटायचे, पण तुम्ही गेल्यावर ते गाणं नुसतं इस्त्री केल्यासारखं वाटायचं. सांगणार कुणाला?

काल कारखान्याचा समारंभ होता. मालकांसकट सगळे समोर. मी मनाशी म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते; शेवटच्या कडव्याला घाईबाईसारखी आधी सुटते आणि कोकिळेसारखी घसरते. तोंड उघडलं, तर अगं, मी एकटी कुठली! काजवाली, बटणवाली, ती कधी मान वर न करणारी इस्त्रीवाली, झाडून सगळ्या आधीच सुटल्या आणि एकदम घसरल्या. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, शप्पथ!

मास्तरांचा हात हवेतच राहिला. वाटलं, आता फाडून खातात. तर हसू दाबत म्हणाले, "आल्या वाटतं दोघी! पुन्हा म्हणा, असंच."

पुन्हा म्हटलं. या खेपेला मालकही घसरले.

पुन्हा कान किटलेली,
तुमची मधली