उजव्या कानाचा निकाल

बोदग्रावन,
४ मार्च २००३

चि. आलेइदला दादाचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाही म्हणून फुगू नकोस. उचलून करू काय? डावा कान लहानपणीच गेलेला, आणि उजव्यावर ही भली मोठी पट्टी. शस्त्रक्रिया नीट झाली म्हणे. आतलं सडलेलं हाडूक काढून टायटॅनियमची काडी बसवली, पडद्याला माझ्याच कानाच्या कूर्चेचं ठिगळ लावलं. नाक शिंकरायला बंदी आहे. शिंक आली की तोंड उघडून शिंकायचं. शेजारीण वाटाण्याचं सूप घेऊन येते आणि माझी शिंक बघून हसत परत जाते.

काळजी वेगळीच आहे. तीस वर्षं मी गोदामात चीजची ढेपेसारखी गोल चाकं ठोकून ऐकतोय. आत भेग असली की आवाज पोकळ येतो. भरीव असेल त्यावरच माझा शिक्का. कान परत आला नाही, तर फरहूफसाहेब मला खोकी बांधायला बसवतील. आलेइद, मला फार भीती वाटते गं.

तुझा,
तेउनिसदादा

झ्वोले,
२२ एप्रिल २००३

ती. दादास आलेइदचा सा. न. वि. वि.

पहिल्या चाचणीत ऐकण्यातली तूट चाळीस डेसिबलवरून तिसावरच आली, म्हणून लगेच हातपाय गाळलेस? अरे, बावीस वर्षं कानाच्या दवाखान्यात नर्स होते मी. आतली सूज उतरायला वेळ लागतो. तीन महिन्यांनी मोजतील तो आकडा धरायचा. तूट विसाच्या आत आली की डॉक्टर खूश. सगळ्यांची येत नाही, हेही सांगते. खोटा धीर मला देता येत नाही.

आता एक विचारते, चिडू नकोस. तुझ्या हाताखाली शिकलेल्या नेल्त्येचं मला पत्र आलं. तुझ्या तब्येतीची चौकशी होती. जाता जाता लिहिलंय की, हिवाळ्यात तेउनिसकाका चाक ठोकायचे आणि बघायचे मात्र माझ्या तोंडाकडे. ही काय भानगड आहे, दादा?

कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आलेइद

बोदग्रावन,
१५ जून २००३

चि. आलेइदला अनेक आशीर्वाद.

तूट बारावर आली! डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला तेव्हा म्हातारा तिथेच रडला. सायकलवरून घरी येताना माझ्याच चाकाखालची खडी मला ऐकू येत होती.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. हिवाळ्यात मला भरीव-पोकळ काही कळत नव्हतं. पोकळ आवाज आला की नेल्त्येची भुवई वर जाते. ती हलली नाही की मी शिक्का मारायचो. त्या बिचारीला वाटायचं, काका आपली परीक्षा घेतायत. आणि ती रजेवर असायची तेव्हा? तेव्हाही मारायचो.

कामावर गेलो त्या पहिल्याच सोमवारी जुन्या फळीवरचं एक चाक ठोकलं. वर माझा जानेवारीचा शिक्का, आणि आत पोकळ. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? पण दुपारी साहेबांपुढे जाऊन सगळं ओकलो. ते म्हणाले, कान आल्यावर सांगतोस, गेला तेव्हा का नाही सांगितलंस?

चार दिवस नेल्त्येने आणि मी हिवाळ्याचा सगळा माल पुन्हा ठोकला. एकवीस पोकळ निघाली. दरवेळी तिच्या आधी मी सांगत होतो. शुक्रवारी साहेबांनी माझा शिक्का मागून घेतला आणि तिच्या हातात दिला. मी आता खोकी बांधतो.

वाईट वाटतं, नाही कसं म्हणू? पण काल बांधता बांधता पलीकडून ठोकणी ऐकू येत होती. एका चाकापाशी नेल्त्ये अडली, तेच तेच ठोकत राहिली. मी जागेवरूनच ओरडलो, अगं भरीव आहे, मार शिक्का! तिने मारला.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
तेउनिसदादा