हरकतीवरची माझी सही

बाबा, मी एका हरकतीवर सही केली आहे. न वाचता नाही, दोनदा वाचून केली, तरी आपण काय केलं ते मला अजून कळत नाही. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. पण नगरपालिकेत जन्मभर हरकती-सूचनांच्या टेबलावर बसलेला माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

आम्ही आयर्लंडमध्ये कॉर्कला, शहराच्या कडेला, एकसारख्या घरांच्या वसाहतीत राहतो. कोपऱ्यावर विम्याचं ऑफिस होतं, ते लॉकडाऊनमध्ये बंद पडलं. दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत त्याच्या काचेवर नोटीस लागली, की इथे ऑफिसच्या जागी दुकान करायचं आहे, काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, अर्ज केला आहे, कोणाचं काही म्हणणं असेल तर कळवा. दुकान कसलं, तर भांगेच्या जातीच्या झाडाच्या तेलाचं. नशा चढत नाही, दुखण्यावर घेतात. खरं गांजाचं औषध इथे मोठ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं आणि ती चिठ्ठी मिळता मिळत नाही, म्हणून लोक हे सौम्य तेल घेतात. औषध म्हणावं तर औषध नाही, किराणा म्हणावा तर किराणा नाही. काउन्सिलचंही तिथेच घोडं अडलं. नक्की काय विकणार आणि कोणाला, ते लेखी कळवा, असं त्यांनी अर्जदाराला उलट विचारलं. तो कागद तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "आता हे कुठल्या रकान्यात कोंबू?"

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाई मास्क लावून, हातात कागद घेऊन दारात आल्या. पेन सॅनिटायझरने पुसून माझ्यापुढे धरलं. घर घेऊन दोन वर्षं झाली होती, पण पार्सलवाला सोडला तर आमची बेल कोणी वाजवली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला तेच भारी वाटलं. जावई तुमचे आतूनच म्हणाले, "अगं, सगळ्यांनी साइन केलंय. आपणच नाही म्हटलं तर किती ऑकवर्ड होईल!" शाळा जवळ आहे, नको ती माणसं जमतील, असं काहीबाही कागदावर होतं. लेक माझ्या काखेतून डोकावली आणि, इथली मुलं आईला हाक मारतात तशी, म्हणाली, "मॅम, इट्स ओन्ली अ शॉप." मी तिला गप्प केलं. कारण मला एकदम बाजारामागचा पार दिसला. मी सात वर्षांची आहे, पारावर चिलीम फिरते आहे, आणि तुम्ही माझं मनगट घट्ट धरून रस्ता ओलांडता आहात. "या बाजूने कधी यायचं नाही," म्हणता. तुमचा हात घामेजलेला आहे. तुम्हाला कसली भीती वाटते हे मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. मी सही केली, तुम्ही शिकवलीत तशी, मराठीत.

तुम्ही म्हणाल, अकरावीतलं विसरलीस का? नाही विसरले. क्षयाच्या रोग्यांचा दवाखाना आपल्या गल्लीत नको, म्हणून निवेदन फिरत होतं. आई पोळ्या लाटत होती, "टाक गं करून सही, हात पिठाचे आहेत," म्हणाली आणि मी टाकली. तो कागद फिरत फिरत तुमच्याच टेबलावर आला. घरी येऊन तुम्ही ओरडला नाहीत, जेवलातही नीट. सुनावणीच्या दिवशी मात्र मला स्कूटरवर घालून नेलंत. साहेबांनी विचारलं, "तुमचं म्हणणं काय?" समोरच्या बाकावर एक खोकणारा माणूस बसलेला. मी मान खाली घालून उभी, आणि तुम्ही कोपऱ्यात फाइल धरून असे, जसं काही ही मुलगी तुमची कोणीच नाही. परत येताना एवढंच म्हणालात, "हरकत घ्यायची तर माणसाच्या तोंडावर सांगता आली पाहिजे." तेव्हा तुमचा फार राग आला होता. खरं सांगायचं तर थोडा अजूनही आहे. सतरा वर्षांच्या मुलीला असं उभं करतात का?

इथे ती वेळ पुन्हा येईल असं वाटलं नव्हतं. आपल्याकडे चाळीस सह्यांचं निवेदन कपाटात जातं आणि सही करणारा हात झटकून मोकळा होतो. इथे काउन्सिलने तो कागद जसाच्या तसा वेबसाइटवर टाकला, नावं, घरांचे नंबर, सह्या, सगळं. आणि सगळ्यांत देवनागरी सही एकच! शेजारच्या बाईने ती लगेच ओळखली. ख्रिसमसच्या कार्डावर मी मोठ्या हौसेने तशीच करून दिली होती. कुंपणाच्या भिंतीशी येऊन ती म्हणाली, "तुझी सही पाहिली मी. नाही नाही, यू आर ग्रँड, काही बिघडलं नाही, रागावले नाहीये. फक्त ठाऊक नव्हतं."

तिच्या नवऱ्याच्या नसांचं दुखणं आहे. पाय लाकडासारखे आखडतात. ते तेल ती शहरातून आणायची. आता लॉकडाऊनमुळे पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी. औषधासाठी जाता येतं, पण हे औषध आहे की नाही ते पोलिसाला काय सांगायचं? पोस्टाने मागवलेली बाटली कुठेतरी अडकून पडली होती. "त्याने खरंच बरं वाटतं का?" मी विचारलं. "मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "त्याला वाटतं. दोन वर्षांत त्याने स्वतः जाऊन एक वस्तू आणलेली नाही. कोपऱ्यापर्यंत चाकांची खुर्ची ढकलत तो एकटा गेला असता. मनात दिवससुद्धा ठरवून ठेवला होता त्याने."

मला माझी लाज वाटली, बाबा. मी म्हटलं, "मी सही मागे घेते. काउन्सिलला पत्र लिहिते." तिने भिंतीवरून हात पुढे केला, मग करोना आठवून मागे घेतला. म्हणाली, "फार चांगली आहेस तू."

लिहायला बसले आणि अडले. कारण काय देऊ? शेजारणीला वाईट वाटलं, हे कारण होतं का? दुकान आलं तर लेक रोज त्याच्यासमोरून शाळेत जाणार, आणि ती भीती माझ्या पोटातून गेलेली नाही. मग तुमचे शेवटचे पंधरा दिवस आठवतात. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं आहे, मी चिठ्ठी घेऊन तीन दुकानं फिरते आहे, जो तो म्हणतो, आमच्याकडे त्याचं लायसन नाही. रिकाम्या हाताने येते आणि बडबडते, कसले नियम, कोणाच्या बापासाठी केलेत? तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला आहात. चादर दातांत धरली आहे. ती सोडून म्हणता, "नियम आहे. भांडू नकोस." तुम्हाला तसं खरंच वाटत होतं, की भांडण ऐकायचीही ताकद उरली नव्हती? ते तेव्हाच विचारायला हवं होतं. तुमचं कोणतं बोलणं धरायचं ते मला समजत नाही. पाराच्या बाजूला जायचं नाही हे, की तोंडावर सांगता आलं पाहिजे हे, की भांडू नकोस हे? तिन्ही तुमचीच, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.

जूनमध्ये निकाल लागला. परवानगी नाकारली. कारण काय, तर वळणावर गाड्या उभ्या करायला जागा नाही. तेलाबद्दल, आजाराबद्दल, शाळेबद्दल त्यात एक अक्षर नाही. आमच्या सह्यांचाही त्या कारणाशी काही संबंध नव्हता. शेजारीण भिंतीशी आली, डोळे सुजलेले होते. "पार्किंग म्हणे," ती हसली. "कालपासून तो खिडकीही उघडू देत नाहीये. पण तू पत्र लिहिलंस ना, ते मी त्याला सांगितलं. एक तरी माणूस आपल्या बाजूने होतं, म्हणाला."

काउन्सिलला पत्र मी पाठवलंच नव्हतं, बाबा. आज-उद्या करत राहिले आणि मुदत गेली. ती वेबसाइट पुन्हा उघडून बघायला तिला सवड कुठली. आता तिला खरं सांगायला तोंड नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले, जिथून उत्तर येणार नाही तिथे. आणि हेही तुम्हालाच सांगते, तिला कधी सांगता येणार नाही. नाकारलं, हे ऐकल्याबरोबर, तिचे डोळे दिसायच्या आधी, मला हायसं वाटलं होतं.