कोपऱ्यातला रफू

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी बाजूला ठेवलं असशील. हरकत नाही. सात वर्षं आपण फक्त लग्नात नि मयतीत भेटलो, आणि बोललो ते हवापाण्यापुरतंच.

पुढल्या महिन्यात मी प्रयोगशाळेतून निवृत्त होतेय. कपाट आवरताना त्या कापडाची सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची काचपट्टी हाताला लागली. तुमच्या चर्चमधलं कापड. प्रभूचं मस्तक त्यात गुंडाळलं होतं असं लोक मानतात. त्याच्या कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा कार्बन चाचणीसाठी आमच्याकडे आला होता. वय निघालं साडेसहाशे वर्षं. इतिहासवाल्यांकडे त्याच काळातल्या एका बिशपचं पत्र होतंच, की हे चित्रकाराचं काम आहे, भाविकांना फसवू नका. दोन्हीकडून एकच उत्तर. मला आणखी काय हवं होतं?

तिथला फादर तू, कापडाची जबाबदारी तुझी; तू तेवढा अडून बसलास. कापडाची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरने तुला सांगितलं होतं की तो कोपरा रफू केलेला आहे. तू ते चर्चच्या पत्रकात छापलंस. मग भरल्या सभागृहात मला कुणीतरी त्याबद्दल विचारलं आणि मी म्हणाले, "रफू असता तर आम्हाला दिसला असता. आमचे फादर श्रद्धेचा चष्मा लावून बघतात." लोक खो खो हसले. तू तिसऱ्या रांगेत होतास. उठून गेला नाहीस. उलट कार्यक्रम संपल्यावर माझी जड पिशवी गाडीपर्यंत आणून दिलीस. महिन्याभरात कापडाची जबाबदारी तुझ्याकडून काढून घेतली, हे मला धाकटीकडून कळलं. मी फोन केला नाही.

आता ऐक. तुकडा साफ करताना मला लिननमध्ये, म्हणजे जवसाच्या धाग्यांत, दोन सुती धागे दिसले होते. साहेबांना दाखवले. ते म्हणाले, "हातमोज्यांचं सूत असेल, काढून टाक." मी काढले, पट्टीवर चिकटवले, तारीख घातली आणि विषय संपवला. साहेबांवर ढकलत नाही. नीट बघायला पाच मिनिटं पुरली असती. बघितलं नाही, कारण आलेलं उत्तर मला आवडलं होतं.

परवा बघितलं. सुती धागा लिननच्या टोकाला पीळ देऊन जोडलाय, आणि जुन्याशी मेळ बसावा म्हणून रंगवलाय. कसबी हाताचा रफू आहे. मी दोनच काढले; बाकीचा तुकडा चाचणीत जळाला, त्यात जुनं किती नि नवं किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. यावरून कापड खरं ठरत नाही, दादा. बिशपचं पत्र जागच्या जागी आहे, आणि मला विचारशील तर ते चित्रकाराचंच. फक्त आमच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, एवढंच.

हे सगळं फोटोंसह काल शोधपत्रिकेला आणि तुमच्या बिशपना पाठवलं. पण तेव्हा हसलेले लोक शोधपत्रिका वाचत नाहीत, तुझ्या मिस्साला, रविवारच्या उपासनेला येतात. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर मला त्यांच्यासमोर चार शब्द बोलू देशील? नाही म्हणालास तरी मी येणार, आणि दारात उभी राहून एकेकाला सांगणार. गुडघे फार दुखतात माझे, तेव्हा आत बोलावलंस तर बरं.

तुझीच,
मधली