देवाची दाढ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा कवळ्या बनवण्याचा, सध्या निवृत्त, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर नको तितकी शाबूत आहे, हे पुढे दिसेलच. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगी तीनदा म्हणाली, "बाबा, एकदाचं लिहून टाका," तो दबाव धरू नये. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात लिहिले होते आणि त्यात जिथे जिथे मेहुण्यांचा उल्लेख आहे तिथली भाषा चारचौघांत वाचण्यासारखी नाही.

कलम १. पुढे दुकान आणि मागे स्वयंपाकघर असलेले हे घर माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. छत गळत नाही. न्हाणीघराचे दार पावसात फुगते, ते खांद्याने ढकलावे. बँकेतली ठेवही तिलाच. आकडा लिहीत नाही, कारण हा कागद तिचे मामा वाचणार आहेत.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, कोरण्या, साचे आणि घासायचे यंत्र, हे सर्व मेणवालीला द्यावे. मेणवाली म्हणजे अकरा वर्षे माझ्याकडे मेणात दात कोरणारी बाई. तिच्या हातची कवळी बसवल्यावर एका म्हाताऱ्याची बायको लाजून म्हणाली होती, "अगंबाई, हे तर यांचे लग्नातले दात!" असे प्रशस्तिपत्र मला कधी मिळाले नाही. दुकानही मेणवालीने तिला पाहिजे तितकी वर्षे चालवावे. मुलीची हरकत नाही, मी विचारले आहे.

कलम ३. माझ्या लोखंडी कपाटात, वरच्या खणात, आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, समितीचे एक पत्र आहे. ते कोणालाही न देता जाळावे. मात्र ते कशाबद्दल होते हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी सोयीस्कर गोष्ट रचायला नको.

आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी बायबल अभ्यास असे. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, रंगीत खडूंनी फळ्यावर लिहीत. वर्षातून एकदा हमखास विषय यायचा: देव माणूस का झाला? त्याखाली पाच कारणे. पित्याची ओळख करून द्यायला, पापाचे प्रायश्चित्त करायला, सैतानाला हरवायला, आपल्याला कित्ता घालून द्यायला आणि आपला मध्यस्थ व्हायला. पाचही खरी असतील. मी कवळीवाला, नाही म्हणणारा कोण? पण सलग सतरा वर्षे तीच पाच कारणे त्याच रंगांत पाहिल्यावर एका बुधवारी मी हात वर केला.

"पाळकसाहेब, तो माणूस झाला म्हणजे पुरता माणूस झाला ना?"

"पुरता. शंभर टक्के."

"मग त्याची दाढ कधी दुखली का?"

मी चेष्टा करत नव्हतो. त्याच दिवशी एक हमाल दाढेच्या कळांनी माझ्या दुकानात भिंतीवर डोके आपटून गेला होता. दात काढणे माझे काम नाही, मी फक्त नंतरचे पाहतो. म्हणून मी त्याला दवाखान्याचा पत्ता दिला आणि प्रार्थना करा म्हणालो. तो म्हणाला, "ज्याच्याकडे करायची त्याला दाढ काय ते माहीत आहे का?" तो प्रश्न मी फक्त पुढे पोहोचवला.

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसले. पाळकांचा चेहरा पडला. माझे मेहुणे, म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले भाऊ, समितीचे सचिव आहेत. ते उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊजी, हा देवाचा अपमान आहे. याची नोंद होईल."

नोंद झाली. मग उपसमिती झाली. तीन माणसे, अकरा महिने, नऊ बैठका. अहवाल दोन वाक्यांचा आला. देवाचे दात परिपूर्ण असणार, सबब दाढ दुखण्याचा संभव नाही. किडके दात हा मनुष्य पापात पडला त्या पतनाचा परिणाम असल्याने कवळ्यांचा धंदा हे पतनाचेच उत्पादन होय. उपसमितीतल्या तिघांपैकी दोघांच्या तोंडात माझीच उत्पादने होती, हे अहवालात आले नाही. मला लेखी माफी मागायला सांगितले. मी मागितली नाही. तेच ते पत्र. त्यानंतर मी बुधवारी जाणे सोडले आणि रविवारी शेवटच्या बाकावर बसू लागलो.

कलम ४. माझ्या पत्नीचे दागिने, चष्मा आणि शिवणयंत्र मुलीला. पत्नीबद्दल अधिक लिहिणे भाग आहे, कारण पुढचे कलम त्याशिवाय कळणार नाही.

समितीच्या त्या पत्रानंतर तिसऱ्या वर्षी तिच्या जबड्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी खालचा उजवा जबडा काढला. जीव वाचला, पण तोंड एका बाजूला ओघळले. जेवताना अर्धे बाहेर यायचे. तिने स्वयंपाकघराचे दार लावून एकटीने जेवायला सुरुवात केली. माझ्यासमोरही नाही, मुलीसमोरही नाही. मी आयुष्यभर लोकांना चावायला शिकवले आणि माझीच बायको दाराआड उपाशी राहू लागली. तिच्यासाठी मी तीन वेळा जबड्याचा आधार बनवला. तिन्ही वेळा तिने तो घातला, आरशात पाहिला आणि धुऊन परत माझ्या हातात ठेवला. मी दाराबाहेरून सांगायचो, "अगं, लहान चमचा घे. मान डावीकडे कर." आतून ती नळ सोडायची.

भेटायला सगळे आले. मेहुण्यांनी सफरचंदे आणली, दोन किलो. जबडा काढलेल्या बहिणीला. "रोज एक खा, रक्त वाढेल," म्हणाले. पाळक आले ते फ्रीजला टेकून उभे राहिले आणि दुःखाचा अर्थ सांगून गेले. ती म्हणाली, "बसा ना." त्यांना बैठक होती.

असे सात महिने गेले. मग पाळक प्रार्थनागृहाच्या पायऱ्यांवरून घसरून तोंडावर पडले. वरचे चार दात जागेवर तुटले आणि उरलेले इतके हलले की दवाखान्यात सगळेच काढावे लागले. गावात कवळ्या करणारा मी एकटा. ते मागच्या दाराने आले, तोंडावर रुमाल धरून.

"मला रविवारपर्यंत दात हवेत," त्यांना म्हणायचे होते. तोंडातून निघाले, "मला रविवारपर्यंत वात हवेफ."

खोटे कशाला लिहू, मला त्या क्षणी फार बरे वाटले. मी गंभीर चेहरा करून सांगितले की हिरड्या भरून यायला तीन आठवडे लागतील, घाई चालत नाही. ते हादरले. तीन रविवार! (ते तीन रविवार मेहुण्यांनी भागवले. उपदेशाच्या जागी समितीचा वार्षिक अहवाल वाचला, तीन भागांत.) ठसा घ्यायच्या पसरट साच्यांपैकी योग्य मापाचा मला सापडत नव्हता. पाळकांनी खुणेने पाणी मागितले. मी हात दाखवला, "आत आहे." दार लावलेले असेल आणि त्यामागे ती जेवत असेल हे माझ्या लक्षातच आले नाही.

दार उघडल्याचा आवाज झाला. मी धावत गेलो. ती वाटीवर पदर धरून बसली होती, हनुवटीवरून सूप ओघळत होते. पाळक उंबऱ्यात. दोघे एकमेकांकडे पाहत होते. मग पाळकांनी तोंडावरचा रुमाल काढला. दोन दिवस या माणसाने लाजेपायी काही खाल्ले नव्हते, हे मला नंतर कळले.

"ताई," ते म्हणाले, "मलापण वाटीभर फूप मिळेल?"

तिने पदर बाजूला केला. मग तिने वाटी भरली आणि खुर्ची पुढे सरकवली. पाळकांनी पहिला घोट घेतला तो सगळा शर्टावर.

"असं नाही," ती म्हणाली. सात महिन्यांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "रुमाल हनुवटीखाली धरा. आणि घाई करू नका, इथे कोणी बघत नाही."

मी बघत होतो, पण बत्तीस दात असलेल्या माणसाला त्या खोलीत जागा नव्हती. मी बाहेर थांबलो. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला, दोन प्रकारचा, दोन्ही वाकडे. मी यंत्र सुरू केले, म्हणजे माझा आवाज कोणाला ऐकू जाऊ नये.

ते तीन आठवडे रोज दुपारी आले. निमित्त हिरडी दाखवण्याचे. एकदा सूप पुढ्यात असताना त्यांनी तिला विचारले, "ताई, त्याची दाढ दुखली अफेल का हो?" ती म्हणाली, "दुखली नसेल तर मग आला कशाला?" पाळकांनी मान खाली घातली. त्यांच्या पाच कारणांत हे बसत होते की नाही, मला माहीत नाही. एक मात्र खरे, पाळक स्वतःहून खाली आले नव्हते, त्यांना पायरीने आणले. देव म्हणे कोणी न ढकलता आला. हा फरक लहान नाही.

मग कवळी झाली, उत्तम बसली. पुढच्या बुधवारी फळ्यावर पुन्हा पाच कारणे आली आणि पाळकांच्या दुपारच्या बैठका पुन्हा सुरू झाल्या. स्वयंपाकघराचे दारही पुन्हा लागले.

आता जे लिहितो ते मुलीलाही माहीत नाही. माझे बत्तीसही दात खोटे होते. एक्केचाळिसाव्या वर्षी हिरड्या गेल्या. मी दुसऱ्या गावी जाऊन दात काढून घेतले आणि रात्री कोणाला न दाखवता स्वतःची कवळी केली. "कवळीवाल्याचे स्वतःचे दात बघा!" असे लोक म्हणायचे आणि त्यावर दुकान चालायचे. बायकोपासूनही मी ते लपवले. निदान तसे समजत होतो.

एका मंगळवारी दुपारी मी दार ढकलून आत गेलो, तिच्यासमोर बसलो, वरची आणि खालची दोन्ही काढून बशीत ठेवली आणि सूप मागितले. तिने बशीकडे पाहिले, माझ्या बोळक्या तोंडाकडे पाहिले.

"वरची मला पहिल्याच वर्षी कळली होती," ती म्हणाली. "खालची कधी केलीत?"

त्यानंतर चौदा महिने, ती जाईपर्यंत, आम्ही रोज एकत्र जेवलो. टेबल फार खराब व्हायचे.

तिच्या अंत्यविधीला पाळक व्यासपीठावर चढले, "देव माणूस झाला, याचे पहिले कारण" असे म्हणाले आणि थांबले. मग खाली उतरून माझ्या बाकावर येऊन बसले. विधी संपेपर्यंत ते नाक शिंकरत होते. मेहुण्यांनी वहीत लिहिले: उपदेश झाला नाही.

कलम ५. माझे मेहुणे. त्यांचे पुढचे दोन दात हलतात. ते कोणाला सांगत नाहीत, पण मला उच्चारावरून कळते. ते पडतील तेव्हा मेणवालीने आपल्या हातची उत्तम कवळी त्यांना करून द्यावी, खर्च माझ्या ठेवीतून. आणि दात येईपर्यंत त्यांनी एकट्याने जेवू नये. माझ्या मुलीने त्यांना रोज आपल्या टेबलावर बसवावे.

हे मी तिला काल सांगितले. ती म्हणाली, "मामाबरोबर? आईसाठी सफरचंदं आणणाऱ्या मामाबरोबर?" मी म्हणालो, "हो, त्याच." ती बराच वेळ भांडी आपटत राहिली. हो म्हणाली नाही. नाही असेही म्हणाली नाही. म्हणून हे कलम लेखी ठेवतो.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

सही: कवळीवाला

साक्षीदार १: शेजारचा घड्याळदुरुस्तीवाला.
साक्षीदार २: पाळक, आता निवृत्त. (साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणाले. पाळक म्हणाले, चालेल.)

स्थळ: राहते घर.
दिनांक: एकवीस फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी.